टॅनरीच्या मातीचं कर्ज

निवृत्त बँकवाले एकत्र जमले की आधी गुडघे, मग नातवंडं आणि मग बदलीची गावं, असा आमचा क्रम ठरलेला. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात आणि चहा पुन्हा गरम करावा लागतो. माझी पाळी आली की मंडळी म्हणतात, "हं, जोशीबाई, काढा तुमची टॅनरी!"

दोन हजार सालानंतरची ती वर्षं मी चेन्नईत काढली. नवरा सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत, मी बँकेच्या कर्ज विभागात. विभागात आम्ही तिघंच. चीफ मॅनेजर सुंदरम सर, माझ्या शेजारच्या टेबलावर राव, आणि मी. राव आडनावाने आणि भाषेने मराठी, पण त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले ते तिथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकताना जुनी पोथी तमिळ चालीत वाचल्यासारखी वाटायची.

तर एकदा नटेसन नावाच्या बिल्डरचा अर्ज आला. पल्लावरमच्या पुढे एक टॅनरी, म्हणजे चामडं कमावण्याचा कारखाना, कित्येक वर्षं बंद पडून होता. चामडं कमावताना वापरलेलं विषारी क्रोमियम जमिनीत मुरलेलं. नटेसनला तिथे फ्लॅट बांधायचे होते आणि त्याआधी माती साफ करायला कर्ज हवं होतं. असलं कर्ज आमच्यापैकी कुणीच कधी दिलेलं नव्हतं.

*

पहिल्यांदा जागा बघायला राव आणि मी गेलो. मोडकी शेड, बाभळी, आणि जुन्या हौदांतून साचलेलं पाणी. पण काय रंग त्या पाण्याचा! पिवळाधमक, उन्हात चमकणारा. मी नवीनच कॅमेरा घेतला होता, लगेच फोटो काढायला लागले.

राव म्हणाले, "बाई, तें रंग नोहे. विष अहे."

मी तरी आणखी एक फोटो काढला. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून आवाज आला, "मॅडम, आवडला असेल तर घेऊनच जा. माझ्या विहिरीत पण आहे!"

त्या विजया टीचर. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. नवऱ्याने बांधलेलं घर, अंगणात विहीर, विहिरीशेजारी कढीपत्त्याचं झाड. एक दिवस विहिरीचं पाणी पिवळं आलं, आणि तेव्हापासून विहिरीवर पत्रा आणि पत्र्यावर दगड. टँकर आला की टीचर प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत. नटेसन त्यांचं घर चांगल्या भावाने विकत घ्यायला तयार होता. त्यांनी साफ नाही म्हटलं. त्यांना एकच हवं होतं, डोळे मिटायच्या आत स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायचं होतं. मी कॅमेरा पर्समध्ये ठेवला. आजही तो फोटो माझ्याकडे आहे आणि तो बघताना मला बरं वाटत नाही.

*

आता बँकेची रीत अशी की कर्जाला तारण लागतं. तारण काय, तर तीच जमीन. आणि जमिनीची आजची किंमत काय? व्हॅल्युअरने डोकं खाजवलं. "साफ केली तर सोनं. आज कुणी फुकट घेणार नाही!"

मी प्रामाणिकपणे तसंच लिहून हेड ऑफिसला पाठवलं. उत्तर आलं, आधी जमीन साफ करून घ्यावी, मग तारण म्हणून तिचा विचार करता येईल.

सरांनी ते दोनदा वाचलं आणि फोन उचलला. समोर त्यांच्याच बॅचचा कुणीतरी मोठा साहेब होता. सर अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही दवाखाना काढा. रोग्याला सांगा, आधी बरा होऊन ये, मग औषध देतो!"

*

नटेसन माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. एकदा तो केबिनमध्ये फ्लॅटचं मॉडेल घेऊन आला. हिरवीगार लॉन, मधोमध फवारा, बाकांवर बोटभर माणसं.

"सार, एवढी खोल माती काढायची काय गरज? वरून चांगली लाल मातीची भर टाकू. खालचं कुणाला दिसतंय?"

सर मॉडेलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नटेसन, दाढ किडली तर तू वरून पावडर लावतोस का?"

नटेसनने एकदम गालावर हात ठेवला. "सार, तुम्हाला कुणी सांगितलं? आजच संध्याकाळी डेंटिस्टकडे जायचंय!"

लाल मातीचा विषय त्या दाढेबरोबरच उपटून निघाला.

*

पण सफाईचा खर्च एकट्या नटेसनला झेपेना, आणि सगळा आम्हीही देऊ शकत नव्हतो. मग सरांनी टॅनरीच्या जुन्या मालकाच्या मुलाला बोलावलं. जमीन अजून त्याच्या नावावर होती, विकण्याचा व्यवहार व्हायचा होता. मुलगा नीटनेटका, इंग्रजी छान. तो म्हणाला, "माझ्या वडिलांनी चामडं विकलं. मातीचं मला काय विचारता?"

सरांनी विचारलं, "चामड्याचे पैसे कुठे आले?"

"घरी आले, अर्थात."

"आणि क्रोमियम विजया टीचरच्या घरी गेलं. वाटणी चुकली, असं नाही वाटत तुम्हाला?"

तो उठला. कॉफी न पिता गेला. आठवड्याभराने त्याच्या वकिलाचा फोन आला की सफाईचा अर्धा खर्च जमिनीच्या किमतीतून वळता करून घ्या. राव म्हणाले, "त्याची अई चांगली असणार." का ते त्यांनी सांगितलं नाही.

*

मग हेड ऑफिसनेही मंजुरी दिली आणि काम सुरू झालं. खराब माती उपसायची, लॉरीत भरायची आणि घातक कचऱ्यासाठी ठरवून दिलेल्या जागी नेऊन पुरायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

त्याच सुमारास राव वेलचेरीला घर बांधत होते. वेलचेरी म्हणजे पाऊस आला की तळं, त्यामुळे प्लॉटवर मातीची भर टाकल्याशिवाय पाया घेत नाहीत. रावांनी घासाघीस करून एका लॉरीवाल्याकडून स्वस्तात भर ठरवली. घासाघिशीत राव आमच्यात एक नंबर! रविवारी सकाळी लॉरी आली. राव वेष्टी, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी, गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. फाळका उघडला, माती धडाधड खाली आली, आणि मातीत पिवळ्या रेघा!

लॉरीवाला लांबची खेप वाचवून आमचीच माती बाहेर विकत होता.

सोमवारी राव ऑफिसात आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "बाई, अमचंच कर्ज अमच्याच घराला अलं!"

आम्ही खूप हसलो. पण ती माती रावांनी ओळखली म्हणून. दुसऱ्या कुणी त्यावर घर बांधलं असतं, परसात भाजी लावली असती.

*

त्या दिवसापासून सरांचा हुकूम निघाला की प्रत्येक लॉरीत बँकेचा एक माणूस बसेल. हुकुमात बाई-पुरुष असा भेद नव्हता. मी इस्त्रीची सुती साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, ड्रायव्हरशेजारी. समोर काचेवर लिंबू-मिरच्या, टेपवर कर्कश गाणी.

एकदा सिग्नलला नवऱ्याच्या ऑफिसातला नागपूरचा देशपांडे शेजारी कारमध्ये. त्याने वर बघितलं, डोळे चोळले, काच खाली केली. "वहिनी? बँक सोडली का?"

म्हटलं, "छे हो, प्रमोशन झालंय!"

घरी आल्यावर नवऱ्याने इतकंच विचारलं, "कुठली लॉरी? टाटा की लेलँड?"

*

माती गेली, पण जमिनीखालच्या पाण्याला वेळ लागला. ते उपसून, शुद्ध करून पुन्हा तपासायचं, पावसाळ्यामागून पावसाळा. हेड ऑफिसचा धीर सुटला, नटेसनचा कधीच सुटला होता. विजया टीचर मधल्या काळात आजारी पडल्या, हॉस्पिटलात राहून आल्या, आणि मला मनातून भीती वाटायला लागली की विहीर बरी व्हायच्या आधी टीचरच जातील. कर्जाच्या बाबतीत इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

शेवटी लॅबचा रिपोर्ट आला. पाणी पिण्यालायक. शेवटचा हप्ता मोकळा करायला सरांची सही तेवढी राहिली. नटेसनने टीचरच्या अंगणातच कार्यक्रम ठेवला. शामियाना, झेंडूच्या माळा, फोटोग्राफर, विहिरीवरचा पत्रा काढलेला. टीचर नवी साडी नेसून आल्या. त्यांनी स्वतः पोहरा ओढला आणि स्टीलचा टंबलर भरला.

नटेसन पुढे झाला. "सार, पहिला घोट तुमचा! फोटो!"

सरांनी टंबलर घेतला. सगळ्यांचे डोळे त्या टंबलरवर. रिपोर्ट आम्ही सगळ्यांनी वाचला होता, तरीही.

टीचरनी टंबलर त्यांच्या हातून काढून घेतला. "तुम्ही नका, सार. तुमची बदली होईल. हे पाणी मला रोज प्यायचंय." आणि त्या मान वर करून, ओठ न लावता, घटाघटा सगळं प्यायल्या.  पदराने तोंड पुसलं, मग डोळेही.

सरांनी चपला काढल्या, विहिरीपाशी गेले, दुसरा पोहरा स्वतः ओढला आणि प्यायले. मग राव. मग मी. पाणी गार होतं, किंचित गोड. आमच्यामागे फोटोग्राफर, शामियानावाले, शेजारपाजारचे, सगळे रांगेत लागले.

रांगेत शेवटी नटेसन. त्याच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली.

टीचरनी ती बाटली बघितली. "द्या इकडे," त्या म्हणाल्या, "कढीपत्त्याला घालते."