रुखवतातल्या मोटारी

माझ्या लग्नाच्या रुखवतात तीन मोटारी होत्या. तळहातावर मावतील अशा, ओतीव धातूच्या. आम्ही त्यांना लोखंडी मोटारी म्हणायचो, पण कानस लावली की आतून जस्त निघायचं, मऊ आणि पांढरट. मुंबईला गोदीत काम करणारे मामा त्या आणायचे, माझ्या भावांसाठी. भावांनी त्या भिंतीवर आपटल्या, जिन्यावरून सोडल्या आणि कंटाळून टाकून दिल्या. मी उचलल्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे माझं बरंच सामान त्यांच्याकडून यायचं. जुनी एक्स-रे फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुतली की काळं निघून जाई आणि मोटारीच्या काचा तयार. साबणाच्या कॉस्टिक सोड्यात मोटार बुडवली की जुना रंग सालीसारखा सुटे. नवा रंग सायकलवाल्याकडचा. दिवे म्हणून साडीच्या टिकल्या, टायर म्हणून सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या चकत्या, टपावर केसांच्या आकड्यांचं कॅरिअर. तळाची रिव्हेट घासून काढायची आणि तिथे चष्म्याचा स्क्रू पिळायचा, म्हणजे मोटार हवी तेव्हा उघडता येई. हे मला कुणी शिकवलं नाही. नाद होता, दुसरं काय.

आईला तो नाद डोळ्यांसमोर नको असे. "लोकाच्या पोरी भरतकाम करतेत अन तू कानस घासून राहिली. काहून?" असं ती रोज विचारायची. उत्तर तिलाही नको होतं.

लग्न अमरावतीला ठरलं आणि मला एकच घोर लागला. मोटारींचं काय? नवी नवरी ट्रंकेत खेळणी घेऊन आली असं सासरी म्हणतील, म्हणून आईने आधीच सांगून टाकलं, "त्या मामाच्या लेकरायले देऊन टाकू." मामाची लेकरं माझ्या भावांपेक्षा वरचढ होती. दोन दिवसांत चाकंसुद्धा उरली नसती.

तेव्हा मला रुखवत सुचलं. नवरीच्या हातचं काम म्हणून जे रुखवतात मांडतात ते मानाने सासरी जातं. पुढे ते नणंदांमध्ये वाटलं जातं, हेही मला ठाऊक होतं. पण माहेरी ठेवल्या तर त्या हातच्या जाणारच होत्या, सासरी निदान आशा होती. वडील म्हणाले, "मांडू दे तिले." मग मी सगळ्यात मोठ्या मोटारीची वरातीची मोटार केली. मण्यांच्या माळा सोडल्या आणि मागच्या सीटवर चिंध्यांचे नवरा-नवरी बसवले.

मांडवात कुरडयांचे डोंगर, मण्यांचे पोपट, लोकरीची बदकं आणि मध्ये माझ्या मोटारी. वरपक्षाच्या बायका वाकून पाहू लागल्या. "कुठून इकत आणल्या वो?" कुणीतरी विचारलं. आई लोकरीची बदकं सरळ करू लागली. एवढ्यात एका आजीबाईंनी काचेला नाक लावलं आणि त्या ओरडल्या, "अवो माय! नवरी उजव्या आंगाले बसोली! वरात मंजे लगन लागलेलं. आता तं डाव्या आंगाले पाह्यजे!"

झालं. लग्न लागेपर्यंत उजवीकडे, लागल्यावर डावीकडे, यावर मांडवात दोन तट पडले. कुणी म्हणालं अपशकुन आहे, कुणी म्हणालं ते पहिले उचला तिथून. आईचा चेहरा उतरला. उचलल्या की त्या मामाच्या पिशवीत जाणार हे मला दिसत होतं. मुंडावळ्या बांधलेल्या, हळद अंगावर, तशी मी पुढे झाले. अंबाड्यातला आकडा उपसला, मोटार उलटी करून त्याच्या टोकाने स्क्रू फिरवला, तळ काढला, नवरा-नवरीची अदलाबदल केली आणि पुन्हा पिळून बसवलं. आकडा दोनदा घसरला, बोटातून रक्त आलं. होणाऱ्या सासूबाई माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहत होत्या. त्यांना काय वाटलं ते मला कळेना, आणि मी घाबरले.

निरोपाच्या वेळी मी रडले नाही. यावर बायका पुष्कळ बोलल्या. खरं सांगते, माझं सगळं लक्ष रुखवताच्या पेटीकडे होतं. मूर्तिजापूरपर्यंत सर्व्हिस मोटारीतून जाताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी त्या पेटीसाठी मोजला.

अमरावतीला पूजा झाल्यावर रुखवत वाटायला काढलं. थोरल्या नणंदेने वरातीची मोटार उचलली. "हे माह्या पोराले नेतो." नव्या सुनेला तोंड नसतं.

"ठेव ते," सासूबाई म्हणाल्या. "तुहा पोरगा सांजच्या आत मोडते. पोपट ने." नणंद फणकारली, पण पोपट घेऊन गेली.

तिन्ही मोटारी सासूबाईंनी माझ्या ओटीत टाकल्या. मग शिवणयंत्राचा खण उघडून त्यातला स्क्रू पिळायचा बारका पेचकस काढला आणि माझ्यापुढे धरला.

"आकड्यानं काहून करतं? बोट फाडून घेतलं ना. हा तुह्याजवळ राहू दे. मले लागला तं मी मांगून घेईन."

घर सोडताना न आलेलं रडं मला तेव्हा आलं. सासूबाईंना वाटलं, बोट दुखतंय. त्या हळद आणायला आत गेल्या.