चाँद पाशा आणि अर्धा माणूस

हिंगोलीच्या बाजारात तसबिरी मढवाव्यात त्या चाँद पाशांनीच. हात असा साफ, की काचेवर बोटाचा डाग दिसायचा नाही. पण गिऱ्हाइकाचं ऐकून घेणं त्यांच्या स्वभावातच नाही.

जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली माझ्या भावाने मुंबईहून एक जपानी चित्र पाठवलं, लाकडी ठशांनी छापलेलं. पावसातला साधा रस्ता. छत्र्या, भिजलेलं कुत्रं, कावड घेऊन पळणारा एकजण. अगदी उजव्या कडेला एक माणूस चित्रात शिरतोय, तो अर्धाच दिसतो: एक पाय, एक हात, अर्धी छत्री. त्याच्यामुळे तो रस्ता कागदाबाहेरही चालू आहे असं वाटायचं. मला तोच सगळ्यांत आवडला होता.

चाँद पाशांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "वहिनी, ह्यात देव कोन्ता?"

"देव नाही. रस्ता आहे."

"रस्ता तर दारातच हाय की! काहून मढवून राहिल्या? तुमच्या वकीलसाहेबांचा फोटू लावा." मग त्यांचं बोट कडेला गेलं. "आन् ह्यो अर्धाच हाय. कापून टाकतो."

"अजिबात कापायचा नाही!"

"तुमाला ठावं न्हाई. तातेराव पाटलांच्या फोटूत धाकल्या भावाचा खांदा कटला होता. मी तसाच मढवला. साल सरलं न्हाई, तर त्यानं वाटणी मागितली. पाटील आजून माझ्याशी बोलत न्हाईत. अर्धा मानूस मढवून मी पुन्हा बदनाम होनार न्हाई."

बोलून बोलून माझा घसा सुकला. शेवटी कात्री लावणार नाही एवढं कबूल करून घेतलं, आणि तरीही दर बाजारी दुकानात डोकावत राहिले.

तसबीर तयार झाली. चित्र अख्खं होतं. पण भोवतीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर चाँद पाशांनी त्या माणसाचं उरलेलं अंग शाईने काढून ठेवलं होतं! उरलेली छत्री, अर्धी मिशी, धोतराचा सोगा आणि पायात करकरीत हिंगोलीचा जोडा.

"आता बराबर झाला," ते म्हणाले. चेहरा इतका समाधानी, की रागवायचं तरी कसं? तरी रागावलेच.

"चाँदभाई, पुठ्ठा बदला. आत्ता. मी इथेच बसते."

"किती तकलीफ घेतली मी ह्याच्यापायी..." पुटपुटत त्यांनी खिळे उपसले. कोरा पुठ्ठा लागेपर्यंत मी जागची हलले नाही.

जुना पुठ्ठा त्यांनी दुकानातच टांगला. कुणी विचारलं, की सांगतात, "ह्याचा बाकीचा वकीलसाहेबांच्या घरी हाय. वहिनी देत न्हाईत."