चुलीत घातलेला माच

मैत्रिणींनो, आज सकाळी आमची आठ वर्षांची सुमन कडब्याच्या धांड्यांचा इवलासा माच बांधत बसली होती, पाखरं राखायला शेतात उभारतात तसा. "खेय पुरे, कामाले लाग," म्हणत मी तो उचलून चुलीत घातला.

दुपारी शेतात हे खरा माच उभारत होते. वर चढले की तो डुलायचा. सुमन म्हणाली, "आबा, खांबले तिरपी काडी लाव. मना माच हालत नव्हता."

तिरपं लाकूड ठोकल्यावर माच घट्ट उभा राहिला.

हे कौतुकानं म्हणाले, "कोठे शे तुना माच? दखाड बरं."

माझ्याकडे बघत ती म्हणाली, "मोडी गया."

माझ्यासाठी पोर खोटं बोलली. उद्या तिला "कामाले लाग" कोणत्या तोंडानं म्हणू?