लिनक्सवाली ताई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला घरी मेथी निवडत होते. भाचीने एवढंच सांगितलं, "मावशी, आई गेली..." मी जुडी तशीच ठेवून बदलापूरला निघाले. त्याला दीड महिना झाला. लोक भेटतात, म्हणतात, बिचारीने फार सोसलं. माझी बहीण बिचारी नव्हती.

उल्हासनगरला एका वकिलांकडे ती टायपिस्ट होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. वकील म्हणाले, "आता घरी आराम करा." ताईने पाटीवर लिहिलं, "घसा गेलाय, बोटं नाही गेली." घरून टाईप करून मेलने पाठवायचं तिने ठरवलं आणि तिथल्याच कॅम्प दोनच्या बाजारातून एक जुना कॉम्प्युटर आणला. सिंधी दुकानदार म्हणाला, "दीदी, इसमें विंडोज रेंगेगा, लिनक्स दौड़ेगा." ताईने विंडोजऐवजी ती फुकटातली लिनक्स सिस्टीम घेतली.

बदलापूरला, बेलवलीच्या तिच्या घरी इंटरनेट जोडायला कंपनीचा माणूस आला. स्क्रीन बघून म्हणाला, "मॅडम, इसमें नहीं चलेगा. विंडोज डालो, फिर बुलाओ."

पाटीवर उमटलं, "का?"

"कंपनी का रूल है." नाव आणि पासवर्ड लिहिलेला कागद टेबलावर टाकून तो गेला.

मग तिच्या वतीने मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा सांगत होता, स्टार्टचं बटण दाबा. ताईने माझ्यापुढे पाटी धरली, "त्याला सांग, असलं बटण इथे नाही." त्याने फोन ठेवला. मी रडकुंडीला आले. ही मात्र चप्पल घालून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत निघाली. तिथे वाचायचं, वहीत उतरवायचं, घरी येऊन एकेक ओळ टाईप करायची. नाही जमलं की परत कॅफे. असं तीन दिवस. सगळं बरोबर असूनही आत घेईना... शेवटी त्या कागदाकडे ती टक लावून बघत बसली आणि एकदम हसली, बिनआवाजाचं. पासवर्डमधलं शून्य हे शून्य नव्हतं, इंग्रजी ओ होतं. आयुष्यभर वकिलांचं अक्षर लावलेली बाई ती!

पान उघडलं. पहिली मेल वकिलांना गेली, "मसुदा पाठवा." त्यांनी पाठवला. पुढे अकरा वर्षं पाठवत राहिले.

गेल्या आठवड्यात भाचीने घर रंगवायला काढलं. टेबलाशेजारच्या भिंतीवर ताईने पेन्सिलीने चार ओळी लिहून ठेवल्यात, नेट बंद पडलं तर काय टाईप करायचं त्याच्या. रंगाऱ्याने ब्रश उचलला. मी मध्ये उभी राहिले. "एवढं सोडून रंगवा."

"खराब दिसेल, ताई."

"दिसू दे."