इझाबेलचे चौकोन

आरोंद्याच्या शाळेत मी रुजू झाले ते १९८२च्या जूनमध्ये. वालावलहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी मला एस्पेरांसाबाईंच्या घरी खोली बघून दिली. बाई आमच्याच शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायच्या. वय चव्वेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, केस मागे घट्ट बांधलेले. घरात त्यांच्याबरोबर त्यांची भाची लुर्दिना राहायची. सतरा वर्षांची, हसरी, जरा आगाऊ मुलगी.

लुर्दिनाची आई इझाबेल ही बाईंची धाकटी बहीण. तिचा नवरा कायतान बोटीवर होता, तो तिकडेच तापाने गेला. त्यानंतर वर्षभरातच इझाबेल गोव्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने कुवेतला एका घरी आया म्हणून लागली. मुलगी चौदा वर्षांची होती, तिला बहिणीच्या हवाली केलं. "बायकडे आसा म्हणजे माका काळजी नाय," असं ती प्रत्येक पत्रात लिहायची. बाईंना, म्हणजे थोरल्या बहिणीला, ती 'बाय' म्हणायची.

बाईंच्या हातात क्रोशाची सुई नाही असं मी त्यांना क्वचितच पाहिलं. मधल्या सुट्टीत, एसटीची वाट बघताना, किरणपाणीला खाडी ओलांडायच्या तरीवर बसल्यावरसुद्धा पिशवीतून दोरा निघायचाच. एकदा मी विचारलं, "बाई, एवढंसं काय विणता? टेबलावर घालायचं का?"

त्यांनी तळहातावर एक पांढरा चौकोन पसरला. मध्ये आठ पाकळ्यांचं फूल, त्याभोवती साखळीच्या आणि खांबांच्या फेऱ्या, चार कोपरे.

"ह्यो एकटो काय नाय," त्या म्हणाल्या. "असे दहा जोडलंस तर उशीची खोळ. वीस जोडलंस तर चर्चातल्या आल्तारावरचा कापड. दोनशे जोडलंस तर पलंगपोस. मोठा कापड घेवन बसलंस तर ता मांडयेवर मावणा नाय, आणि चुकला तर सगळा उसव. ह्यो चुकलो तर ह्यो एकच उसवचो."

हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. आईच्या शेजारी बसून एस्पेरांसा शिकली. इझाबेल मात्र डावखुरी. तिला आईने समोर बसवलं आणि आरशात बघावं तसं शिकवलं. इझाबेलच्या फेऱ्या त्यामुळे उलट्या बाजूने फिरायच्या. विणकाम न येणाऱ्याला ते कळायचं नाही. येणाऱ्याला नुसतं बोट फिरवलं तरी कळायचं.

१९८३च्या मे महिन्यात इझाबेल रजेवर आली. मी तेव्हा परीक्षेचे पेपर तपासत तिथेच राहिले होते. आल्या आल्या तिने चॉकलेटं वाटली, विहिरीचं पाणी तांब्याभर प्यायली आणि मुलीला समोर उभी करून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. "माज्यापेक्षा उंच झाला गो ह्या चेडू," म्हणाली. त्या सुट्टीतच दोघी बहिणींनी ठरवलं, लुर्दिनाच्या लग्नात द्यायचा पलंगपोस दोघींनी मिळून करायचा. चौदा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा चौकोन. निम्मे इझाबेल कुवेतमध्ये विणणार आणि पत्रातून पाठवणार, निम्मे बाई इथे. चौकोन सहा इंचांचा. दोघी अशा खुशीत होत्या, की मलाही एक सुई देऊन बसवलं. माझा चौकोन शेवटी त्रिकोण झाला आणि तिघी मायलेकी-मावशी पोट धरून हसल्या.

ऑगस्टमध्ये पहिलं पत्र आलं. आमचा पोस्टमन धोंडू पाकीट दाबून बघत म्हणाला, "बाईनू, ह्यात काय आसा? शिक्को मारताना मऊ लागता."

आत चार चौकोन होते. बाईंनी ते चुलीपासून लांब, खिडकीत नेऊन पाहिले, मग शाळेतली फूटपट्टी आणून मोजले. साडेसहा इंच. इझाबेलचा हात सैल होता. पत्रात तिने लिहिलं होतं, की मालकिणीच्या मुलांना शाळेतून आणायला जाते, तेव्हा गाडीत बसून विणते. तेवढाच वेळ आपला असतो.

"कळवा ना त्यांना," मी म्हणाले. "जरा घट्ट विणा म्हणावं."

"कळवतलंय," बाई म्हणाल्या आणि चौकोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवले.

पुढच्या पत्रात पुन्हा चार आले. त्याच्या पुढच्यात तीन. सगळे साडेसहा. एका पत्रात इझाबेलने स्वतःच विचारलं, "बाय, माप बरोबर येतंय ना? नसेल तर सांग, मी उसवून पुन्हा करीन." त्या पत्राचं उत्तर बाईंनी माझ्यासमोर लिहिलं. लुर्दिनाचा अभ्यास, नारळाचा भाव, चर्चच्या फेस्ताची तारीख, सगळं लिहिलं. खाली लिहिलं, "चौकोन चांगले आहेत."

मी ते वाचलं आणि गप्प बसले. घर त्यांचं, बहीण त्यांची, मी भाडेकरू. आज मला त्या गप्प बसण्याचं वाईट वाटतं.

बाईंनी इझाबेलच्या वाट्याचे चौकोनही स्वतः विणायला घेतले. आधी मला ते कळलं नाही. मग एके दिवशी ओट्यावर बसून त्या चौकोन जोडत होत्या आणि लुर्दिना बाजूला मासे साफ करत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"मावशी, ह्यात मम्मीचे खंय आसत?"

"ते मोठे झाले. बसणत नाय."

"मगे तुजे मोठे कर ना. सगळ्यांका एकेक फेरी वाढय, झाला."

इतकं सोपं होतं ते. अर्ध्या इंचासाठी एक फेरी. तेव्हा तीन ओळीसुद्धा जोडून झाल्या नव्हत्या. बाईंचा चेहरा मात्र एकदम कडक झाला.

"आवशीन माका असा शिकवूक नाय," त्या म्हणाल्या. "सहा इंच म्हणजे सहा इंच. तू मासे बघ."

लुर्दिनाने खांदे उडवले. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. डबा मात्र भरत गेला. पत्र आलं की बाई चौकोन मोजून पाहायच्या, आणि पुढे पुढे तर न मोजताच डब्यात टाकायच्या. मला सुरुवातीला वाटायचं की बाई मापाला फार पक्क्या. शाळेतसुद्धा वहीतली रेघ वाकडी आली तर त्या मुलाला पान पुन्हा लिहायला लावायच्या. पण लुर्दिना आजारी पडली, तेव्हा बाई रजा टाकून आठ दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या, आणि सावंतवाडीच्या डॉक्टरांनी "आई कोण?" विचारल्यावर "मीच" म्हणाल्या होत्या. ती गोष्ट मला नंतर आठवली.

लुर्दिनाचं लग्न ठरलं मडगावच्या डॉमिंगोशी. मुलगा बँकेत होता, घरचे चांगले. लग्न १९८६च्या जानेवारीत. इझाबेल दीड महिन्याची रजा काढून आली. या वेळी ती थकलेली दिसत होती, कानापाशी केस पांढरे झाले होते. पण कामाला अशी जुंपली, की रोसाच्या दिवशी, म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावतात त्या दिवशी, तो रस काढण्यापासून अंगणातल्या बायकांना चहा देण्यापर्यंत सगळीकडे तीच.

रोस झाल्यावर बायका आतल्या खोलीत लग्नाचं सामान बघायला जमल्या. पलंगावर पलंगपोस अंथरला होता. काय दिसत होता तो! पांढराशुभ्र, दोनशे चोवीस फुलं, कुठे एक सुरकुती नाही. बायका वाकून वाकून बघत होत्या.

इझाबेल पलंगाच्या कडेला बसली. तिने हात पसरून कापडावर ठेवला.

"माजे खंयचे गो, बाय?"

खोलीत दहा-बारा बायका होत्या. बाईंनी पलंगपोसाचा एक कोपरा सरळ केला. मी दाराशी उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता.

"ह्या बाजूचे," त्या म्हणाल्या. "खिडकीकडचे."

इझाबेल उठून खिडकीच्या बाजूला गेली. एका फुलावरून बोट फिरवलं. मग शेजारच्या. मग त्याच्या खालच्या. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने फिरत होत्या, उजव्या हाताच्या. बाईंच्या तेव्हा लक्षात आलं असावं की आपण काय बोलून बसलो. त्यांनी पलंगाच्या लाकडाला हात टेकला.

इझाबेलने मान वर केली. बायकांकडे बघून हसली. "बायच्या हातात मापच आसा," ती म्हणाली. "आवशीसारख्या."

आणि ती चहाचे कप गोळा करायला निघून गेली.

लग्न थाटात झालं. इझाबेल नाचली, गाणी म्हटली, मुलीला पाठवताना रडली. मग रजा संपली आणि ती गेली. बहिणींमध्ये एक शब्दही वावगा झाला नाही. पत्रं येत राहिली, पण दोन पानांची एक झाली आणि एकाची अर्धी. धोंडू पाकीट हातात देऊन नुसताच पुढे जायचा. 'बायकडे आसा म्हणजे' हे वाक्य आता लिहायचं कारण नव्हतं. त्याच्या जागी दुसरंही काही आलं नाही.

लुर्दिना गेल्यावर घर फार मोकळं झालं. आम्ही दोघीच. एका रविवारी चर्चमध्ये मिसाला जाऊन आल्यावर बाईंनी तो बिस्किटांचा डबा काढला आणि सगळे चौकोन माझ्यासमोर मांडले. ब्याऐंशी होते. काहींवर गंज उतरला होता, ते त्यांनी लिंबू लावून उन्हात टाकले. मग सुई घेतली आणि आपल्या नव्या चौकोनांना एकेक फेरी वाढवून साडेसहा इंचांचे करायला लागल्या.

"इझाबेलसाठी?" मी विचारलं.

"तिचेच आसत," त्या म्हणाल्या.

ते काम दीड वर्ष चाललं. डाव्या हाताचा एक, उजव्या हाताचा एक, असे आळीपाळीने जोडत गेल्या. खरं सांगायचं तर हा दुसरा पलंगपोस पहिल्यापेक्षा सुंदर झाला. फुलं एकमेकांकडे तोंड करून वळल्यासारखी दिसायची. पहिल्यात ते नव्हतं.

१९८८च्या एप्रिलमध्ये इझाबेल पुन्हा रजेवर आली, पण आरोंद्याला नाही. ती थेट मडगावला लेकीकडे उतरली. लुर्दिनाला मुलगा झाला होता. आमच्याकडे ती एकाच दिवसासाठी आली, सकाळच्या तरीने. पाहुणी यावी तशी खुर्चीवर बसली. नातवाचे फोटो दाखवले. जेवण झालं. बाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिला आवडायचं म्हणून. तिने दोनदा घेतलं.

जेवणानंतर बाईंनी आतून पलंगपोस आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मी उठून जायला लागले, तर बाई म्हणाल्या, "बस गो नीरजा. तुका सगळा म्हायत आसा."

इझाबेलने एक घडी उलगडली. बोट फिरवलं. आपला चौकोन तिने लगेच ओळखला.

"आता कित्या गो, बाय?"

"माप ह्या निमित होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "सात वर्सा माज्याकडे होता ता चेडू. तुजी पत्रा इली काय ता तुजा होय, मगे परत माजा होय. लग्नातली एक वस्त तरी माज्या एकटीच्या हातची होवची, असा माका वाटत होता. तुका मी खोटा लिवलंय."

बाहेर कोणीतरी नारळाची झापं रचत होतं, त्याचा आवाज येत होता.

"माका त्याच दिवशी कळला," इझाबेल म्हणाली. "राग नाय गो. पण थंय गाडयेत बसान एकेक चौकोन करताना मी मनात म्हणत होतंय, चेडवाक वाढवक मी नाय, निदान तेच्या अंथरुणार माजो हात आसतलो. तितक्यासाठी करत होतंय. तू तो डब्यात घातलंस."

"ह्यो घेवन जा."

"थंय माजी खाट अडीच फुटांची, बाय. आणि वजनाक घेतत ना विमानात." तिने पलंगपोसाची घडी पुन्हा नीट घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. "बरो केलंस. हयच ठेव."

चारच्या तरीने ती परत गेली. आम्ही दोघी किरणपाणीपर्यंत पोचवायला गेलो. होडीत बसताना तिने बाईंचा हात धरला, चढण्यापुरता, आणि सोडला. पलीकडच्या काठावर उतरल्यावर तिने हात हलवला. बाई होडी दूर जाईपर्यंतच नव्हे, तर ती परत येऊन माणसं उतरेपर्यंत तिथे उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी माझी बदली ओरोसजवळच्या शाळेत झाली. दिवाळीच्या सुट्टीत मी बाईंना भेटायला गेले. माझ्या जुन्या खोलीतल्या खाटेवर तो पलंगपोस अंथरलेला होता. इझाबेल पुढच्या वर्षी कुवेत सोडून कायमची येणार होती. मडगावला, लेकीच्या घराजवळ तिने खोली बघितली होती. पत्र बाईंनी मला वाचायला दिलं. अर्धं पान. शेवटी तब्येतीला जपण्याबद्दल एक ओळ.

"तुम्ही जाणार ना मडगावला, त्या आल्यावर?" मी विचारलं.

बाई पत्राची घडी घालत होत्या.

"तिना बोलावल्यान तर जातलंय," त्या म्हणाल्या, आणि मला पेज वाढायला आत गेल्या.