जुन्या पुलाची तुळई

पंचगंगेवरचा तो पूल लोखंडी कैच्यांचा होता. दगडी खांब, त्यांवर रिव्हेट मारून जोडलेल्या पट्ट्या आणि एका वेळी एकच एसटी जाईल एवढी रुंदी. सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की सायकलने पुलावर जायचे, पाणी पाहायचे आणि चार ओळी लिहायच्या, हे काम माझ्याकडे होते.

काठावरच्या गावात पाण्याचे फूट कोणी विचारत नसे. पाणी पुलाच्या खालच्या तुळईला लागले की जनावरे सोडायची, हा तिथला नियम. तिथून गोठ्यांत पाणी शिरायला तासभर लागे. पुलालगत एका मामांचा पाच म्हशींचा गोठा होता. ते दारातूनच तुळईवर नजर ठेवीत.

शेजारी सिमेंटचा नवा पूल झाला आणि जुना पाडायला घेतला. गॅसने लोखंड कापायला मिरजेकडचा एक मुसलमान कारागीर आला होता. मामा त्याच्या मागे लागले होते : एक खांब आणि त्यावरचा तुळईचा तुकडा तेवढा सोड.

"मामा, खांब सोडला तर मुकादम मलाच त्येला बांधंल," तो म्हणाला.

मामा माझ्याकडे वळले. "पावणं, तुमी तरी पेपरात लिवा की. पाणी कुटंवर आलंय ते कशावरनं बघायचं आमी?"

"नवा पूल आहे की."

"त्यो आभाळात हाय!"

मी हसलो. 'नवा पूल जुन्यापेक्षा आठ फूट उंच' अशी बातमी दिली. खांबाचा उल्लेख केला नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी मी नव्या पुलावर उभा होतो. मामा शहरात दूध घालायला गेले होते. त्यांच्या सुनेने खालून ओरडून विचारले, "पुलाला लागलं का वो पाणी?"

"न्हाय, पुष्कळ बाकी हाय," मी सांगितले.

मामा परतले तेव्हा गोठ्यात कमरेएवढे पाणी होते. चार म्हशी निघाल्या. आतल्या भिंतीला बांधलेली गेली. पुलाला धोका नसल्याची बातमी मी त्याच दुपारी लिहिली होती. ती खरी होती.

पाणी उतरल्यावर गेलो. "तीच गाभण हुती," मामा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आठ फूट लिवलंतं न्हवं तुमी? नक्की?"

"इंजिनिअरनं सांगितलेलं आहे."

त्यांनी दोर आणला, आठ फूट मोजून गाठ मारली. नव्या पुलाच्या तुळईच्या खालच्या कडेला गाठ येईल असा तो मी वरून धरला. दोराचे टोक जिथे पोचले तिथे, म्हणजे जुन्या तुळईच्या उंचीवर, मामांनी नावेत उभे राहून नव्या पुलाच्या खांबावर लाल पट्टा ओढला.

"आता कुनी इचारलं तर ह्येच्यावरनं सांगा," ते म्हणाले.

त्यानंतर पुराच्या बातमीत मी आधी पट्टा लिहीत असे, मग पूल.