काशीत उतरायचं कुठं

लोणखेड्यात कुणी यात्रेला निघालं की आधी दोधूआप्पाच्या ओट्यावर यायचं. "आप्पा, उज्जैनले कोठे उतरानं? काशीले कोठे?" बावीस वर्षं आप्पा यात्रेच्या बसवर आचारी होता. काशीला अकरा वेळा गेलेला माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कोण जाणार? आणि आप्पाही असा ऐटीत सांगायचा, जणू सगळी तीर्थं त्याच्या सासरवाडीचीच.

खरं सांगायचं तर आप्पानं ती शहरं कधी पाहिलीच नव्हती. त्यानं पाहिली होती अंगणं. बस उभी राहते का, भट्टीला आडोसा आहे का, नळाला पहाटे चारला पाणी येतं का, खरकटं वाहून जायला फरशीला उतार आहे का. आपल्याकडची माणसं परमुलखात हॉटेलचं खात नाहीत. पीठ, तेल, मिरची बसमध्ये घालून निघतात. म्हणून उतरायची जागा ठरवणार आचारी, आणि असली ऐसपैस अंगणं शहराबाहेरच मिळणार. काशीतली त्याची धर्मशाळा बायपासला होती, घाटापासून नऊ-दहा किलोमीटरवर. प्रवासी पहाटे गंगेवर जात, तेव्हा हा पोह्यांचे कांदे चिरत असे. ते परत येत, तेव्हा हा वाढायला उभा. अकरा वेळांत एकदा, भर दुपारी, तो धावतपळत जाऊन बुडी मारून आला होता. तीही डोळे मिटून.

त्याची बायको रंजनाबाई या बावीस वर्षांत घर सांभाळून राहिली. तिची हौस एकच, गंगा डोळ्यांनी बघायची. जवळच्या प्रकाशा गावी तापीकाठी ती वर्षातून चारदा जायची. त्याला दक्षिणकाशी म्हणतात खरं, पण तिचं मन खऱ्या काशीत. आप्पा म्हणायचा, "पुढला साल." पुढलं साल येता येता तिच्या हृदयाची झडप गेली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन झेपायचं नाही, काय दाखवायचं ते या थंडीत दाखवून आणा. वीस पावलं चालली की तिला धाप लागत होती.

मुलगा हेमकांत कॉलेजात नोकरीला. त्यानं मोबाईलवर घाटाला लागूनच एक लॉज शोधलं. तळमजल्याची खोली, चार पायऱ्या उतरलं की नदी, आणि घाटावर कार्तिकी पौर्णिमेची गर्दी व्हायच्या आत, दोन दिवस आधी पोचलं तर नावेतून थेट तिथं उतरवायची सोय. आप्पानं ते उडवून लावलं.

"तठे चूल कोठे मांडसू? बाहेरनं तेलकट खाईसन तुन्ही माय बिमार पडनी ते?"

"आप्पा, चूल काय करानी? आपन गंगा देखाले जाई ऱ्हायनूत!"

"मी अकरा डाव जाई येल शे. तू कितला डाव?"

पोरग्यानं मोबाईल खिशात घातला. रंजनाबाईही लेकाला म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे भाऊ, त्यास्ले जास्त समजस." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथं बैलाचं नव्हे, बाईचं नशीब रिकामं राहणार होतं. नवराबायको दोघंच निघाली ती स्टोव्ह, पाच किलो बट्टीचं पीठ आणि तुरीची डाळ घेऊन.

धर्मशाळेत सगळं आप्पाच्या मनासारखं होतं. नळाला चोवीस तास पाणी. त्यानं वरणबट्टी केली, रंजनाबाईनं दोन घास खाल्ले. सकाळी रिक्षा केली. कार्तिकाची गर्दी, पोलिसांनी दीड किलोमीटर आधीच रस्ता अडवलेला. आप्पानं हात जोडले, डॉक्टरांचा कागद दाखवला. मागे ढकलणाऱ्या गर्दीत तो कागद कुणी वाचायचा? रंजनाबाई आधार घेऊन चालू लागली आणि एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली.

"आखो कितलं लांब शे?"

"हाई काय, आलंच," आप्पा म्हणाला. आलं नव्हतं. तिचे ओठ निळे पडत चालले होते. तो तिला धरून माघारी रिक्षाकडे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले, खाटेवरून उठवेना. आप्पा घाटाजवळ खोली शोधायला धावला. एक मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. हेमकांतनं शोधलेल्या लॉजच्या दारातही तो उभा राहून आला. तळमजल्यावर कुणाचीतरी म्हातारी खुर्चीत बसून नदी बघत होती. आप्पानं त्या म्हातारीकडेच बघत गंगेचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि परतला.

रंजनाबाईनं पाणी डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, "तुम्ही ते अकरा डाव उनात. सांगा ना, कशी दखास ती?"

आप्पा आठवू लागला. त्याला नळ आठवले, कांदे आठवले, पोत्यांनी झाकलेली भट्टी आठवली.

"मोठी शे," एवढंच त्याला सांगता आलं.

तिसऱ्या दिवशीची परतीची गाडी होती.

काशीहून आलेल्यानं मावंदं घालावं लागतं, गावजेवण. आप्पानं स्वतः अंगणात भट्टी लावली. वांग्याची भाजी घोटली. काय घडलं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, हेमकांतलासुद्धा नाही. बाया येऊन रंजनाबाईच्या पाया पडत होत्या. शेजारची दगूबाई तिला चिकटून बसली.

"गंगा कशी शे वं बाई?"

आप्पाचा झारा थांबला. आता ही सांगणार, आणि चारचौघांत आपली अब्रू जाणार. जाऊ दे, त्याला वाटलं, जायलाच पाहिजे.

"काय सांगू माय," रंजनाबाई म्हणाली. दर वाक्याला तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता. "इतलं मोठं पानी! सकायले त्यावर धुकं ऱ्हास. मंग ऊन पडस आनि नावा दखातीस. पोरं पान्यात उड्या मारतीस. मी पायरीवर बसू आनि देखत ऱ्हाऊ."

ती तापी सांगत होती. माहेरच्या गावावरून वाहणारी, तिच्या लहानपणची.

"आप्पास्नी जागा बराबर देखी मंग," दगूबाई म्हणाली.

"हा ना. त्या नसतात ते मी कशी देखती गंगा?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर आप्पाला सोसला असता. तो भट्टीसमोर खाली मान घालून बसला आणि बट्ट्या करपल्या तरी उठला नाही.

रंजनाबाई पौषात गेली. तोवर तो रोज वाट बघत होता, की ती आज तरी आपल्याशी भांडेल. ती भांडली नाही.